मुकादमाचे डोळे

मला मुमताजचा हेवा वाटतो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घेणार नाही. नोकरी सुटून काही वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, चष्मा जाड झाला. सगळ्या अंगाला वय आलं, हा हेवा मात्र ठणठणीत आहे.

मी कुत्र्यांचे डोळे काढायचे. घाबरू नका, रंगानं काढायचे. आमची कंपनी कुत्र्यांचं खाणं बनवते. मावळातच, हायवेपासून आत, भाताच्या खाचरांना लागून कारखाना आहे. वारा आमच्या बाजूचा असला की भाजलेल्या मक्याचा आणि सुक्या मासळीचा वास थेट डब्यातल्या भाजीत उतरायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मालकांना प्रसिद्धी फार आवडते आणि ती फुकटात द्यायची माझी इच्छा नाही. त्या खाण्याला मी कधी हात लावला नाही. माझं खातं वेगळं, लटकनांचं.

लटकन म्हणजे काय, हे प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगावं लागतं. दर दिवाळीला मोठ्या पिशवीबरोबर कंपनी एक छोटा कुत्रा भेट देते. तळहातावर मावेल एवढा, प्लास्टरचा, रंगवलेला, पाठीवर पितळी कडी. मालक परदेशी गेले होते तेव्हा तिथं नाताळच्या झाडाला लोक असलं काहीबाही टांगतात, दर वर्षी नवीन घेतात, जुनं जपून ठेवतात, हे त्यांनी पाहिलं. आपल्याकडं झाड कुठलं? पण आकाशकंदील आहे. तेव्हा कंदिलाखाली कुत्रा टांगायचा, असं ठरलं. आम्ही बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. लक्ष्मीपूजनाला दारात कुत्रा कोण टांगणार?

टांगला की लोकांनी! एका वर्षी लॅब्रेडॉर, दुसऱ्या वर्षी पग, मग डॉबरमन, मग ते लांब कानांचं लाडकं पिल्लू. लोणावळ्याच्या बंगल्यांतले लोक वर्षावर्षाचे कुत्रे रांगेनं मांडायला लागले आणि एखादं वर्ष हुकलं की दुकानदाराशी भांडायला लागले. तुंगार्लीला एक बाई होत्या, त्यांच्याकडं कुत्राच नव्हता, मांजर होतं. तरी दर दिवाळीला पिशवी घ्यायच्या, खाणं रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालायच्या आणि लटकन काचेच्या कपाटात ठेवायच्या. ते मांजर म्हणे दिवसभर कपाटासमोर बसून गुरगुरायचं. मला त्या मांजराबद्दल फार आपुलकी वाटते.

माझ्या माहेरी कामशेतला गणपतीचा कारखाना. गणपतीच्या कामात डोळे काढणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात अवघड. त्याला आखणी म्हणतात. अंगाचा रंग कुणीही देईल, पण आखणी चुकली की मूर्ती नुसती माती राहते. मी परकर-पोलक्यात असल्यापासून आखणी करत आले. श्वास रोखायचा, रेघ ओढायची, मग श्वास सोडायचा. लग्न करून वडिवळ्याला आले, शेतीच्या कामाला लागले, आणि मग हा कारखाना निघाला तेव्हा त्यांना डोळे काढणारं माणूस हवं होतं. माझ्याशिवाय होतं कोण?

पहिल्या वर्षीचे कुत्रे आमच्या सप्रे साहेबांनी एकेक उचलून बघितले. लटकनांचं खातं त्यांच्याकडं होतं. मग म्हणाले, "कुसुमताई, हा कुत्रा आशीर्वाद देतोय."

खरंच देत होता. गणपतीची नजर किंचित खाली असते, समोर बसलेल्या भक्ताकडं. माझ्या हाताला तीच सवय. रांगेनं सगळे लॅब्रेडॉर अर्धवट पापण्या मिटून 'कल्याणमस्तु' म्हणत बसलेले. पण टांगून बघितलं तर काय मजा, दारातून येणाऱ्याकडं बरोबर बघायचे! उंचावर टांगायची वस्तू, नजर खालीच हवी. साहेबांनाही ते पटलं. पुढं कितीतरी दिवाळ्या वर्षाचा पहिला नमुना माझ्या हातचा. त्याला आम्ही मास्टर म्हणायचो. तो काचेच्या पेटीत ठेवायचे आणि बाकी सगळ्यांनी त्यात बघून डोळे काढायचे.

माहेरचे रिवाजही मी तिथं नेले. डोळे काढले की मूर्तीसमोर भांडायचं नाही, तिच्याकडं पाय करून बसायचं नाही, हे कुत्र्यांनाही लागू झालं. बायका भांडायच्या असल्या की प्लास्टरच्या पोत्यांमागं जाऊन भांडून यायच्या. साहेब आधी हसले, नंतर तेही आमच्या खोलीत आवाज खाली करून रागवायला लागले.

आणि मग मुमताज आली.

कामशेतचीच. वडील ट्रकच्या मागे मोर, गरुड रंगवायचे, दुकानांच्या पाट्या लिहायचे. त्यांच्या हाताखाली हिचं बोट वळलेलं. माझ्यापेक्षा बरीच लहान, अंगानं काडी, बोलणं कमी. साहेबांनी माझ्या हाताखाली दिली. श्वास कसा धरायचा ते मीच शिकवलं. हे मी सगळ्यांना सांगते आणि पुन्हा सांगते.

तिनं माझ्या मास्टरमध्ये बघून कुत्रा काढला, पण नजर वर गेली. मी म्हटलं, अगं, हा छताकडं बघतोय, जळमटं मोजतोय का? ती म्हणाली, कुत्रा आपल्याकडं खालूनच बघतो ना ताई. मी म्हटलं, टांगल्यावर? तिनं ब्रश धुवून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नजर वर. मी साहेबांकडं तक्रार केली, साहेब म्हणाले, जाऊ दे, थोडे तसे असू देत.

तिथं घात झाला. कारण दिवाळी चार दिवस, आणि वर्ष मोठं. कंदील उतरला की लोक लटकन टीव्हीशेजारी ठेवतात, ऑफिसच्या टेबलावर ठेवतात, गाडीत पुढं ठेवतात. खाली ठेवलेला मुमताजचा कुत्रा मान वर करून तुमच्या तोंडाकडं बघायचा. आणि माझा? माझा स्वतःच्या पंजांकडं बघत बसायचा.

लोणावळ्याच्या दुकानदार शेठनं मला तोंडावर सांगितलं की गिऱ्हाइकं खोक्यांच्या काचेतून आत बघतात आणि 'वर बघणारा' शोधतात. माझा विश्वास बसेना. एका रविवारी मी मुद्दाम त्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकासारखी उभी राहिले. डोक्यावर गॉगल चढवलेली एक बाई आली, खोकी उलटीपालटी केली, माझा कुत्रा उचलला आणि नवऱ्याला म्हणाली, हा नको, हा डिप्रेस्ड आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तिला म्हटलं, तो उदास नाही, विचार करतोय. तिनं नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं मागं सरकले. शेठनं मला चहा पाजून बाहेर काढलं.

माझी बाजू घेणारा एकच माणूस, कार्ल्याचे गुलाबभाऊ. रस्त्याकडेला चहा आणि मक्याच्या कणसांची टपरी. बसमधून उतरलेली माणसं तिथं थांबायची. टपरीच्या बांबूला त्यांनी दर वर्षीचा कुत्रा टांगलेला, आणि सगळे माझ्या हातचे. म्हणायचे, "ताई, तुमचा कुत्रा गिऱ्हाइकावर नजर ठेवतो. त्यो दुसरा नुसता ताडपत्रीकडं बघतो, त्याचा काय उपेग?" मी कार्ल्यावरून जाताना वाट वाकडी करून हे ऐकायला जायचे. फुकट चहा मिळायचा, ते वेगळं.

दोन दिवाळ्या अशा गेल्या. मास्टर अजून माझ्याच हातचा होता, तेवढी लाज साहेबांनी राखली होती. जेवणाच्या सुट्टीत बायका मुमताजच्या भोवती बसायच्या, तिच्या डब्यातली खारी खायच्या. मी लांब बसून माझी भाकरी खायचे. ती माझ्यासाठी वेगळी खारी काढून ठेवायची. मला ते सगळ्यात जास्त लागायचं. एवढं चांगलं वागायची काय गरज होती?

आता मुकादमाकडं येते.

मुकादम आमचा कुत्रा. गावठी. तांबूस रंग, काळं तोंड, एक कान उभा आणि एक पडलेला. पिल्लू असताना आपणहून आला आणि राहिला. भाताची लावणी चालू असली की तो बांधावर बसून आमच्याकडं बघायचा, पाऊस असो की काही. मधेच उठून एक फेरी मारायचा, पुन्हा बसायचा. म्हणून मुकादम. लोकांचे कुत्रे अंगावर उड्या मारतात, हात चाटतात, शेपटीनं भांडी पाडतात. याचं तसलं काही नाही. मी भाकरी टाकली की मी बाजूला होईपर्यंत थांबायचा, मग खायचा. हातून कधी खाल्लं नाही. कामावरून घरी आले की एकदा बघितल्यासारखं करायचा आणि कूस बदलायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे प्रेमळ डोळे रंगवून यायचं आणि घरी हे असं. मला वाटायचं, राहतो आपला खाण्यापुरता. आमचे हे हसायचे, म्हणायचे, तू त्याची कामगार आहेस, मालकीण नव्हे.

हिवाळ्यात सप्रे साहेब इंद्रायणी तांदूळ न्यायला आमच्या घरी आले. लोकांची पत्रं येत होती की सगळ्या परदेशी जाती झाल्या, आपला गावठी कुत्रा कधी? मुकादम खळ्यावर पाय पसरून पडला होता. साहेबांनी मोबाइलवर त्याचे फोटो काढले आणि म्हणाले, सापडला. यंदाच्या दिवाळीला हाच.

मला किती आनंद झाला, काय सांगू! माझा कुत्रा घरोघरी जाणार, लोणावळ्याच्या कपाटात त्या जातिवंतांच्या रांगेत बसणार. मी गावभर सांगितलं. मनातल्या मनात डोळे काढूनही झाले.

आणि साहेबांनी मास्टर मुमताजला दिला.

म्हणाले, कुसुमताई, दुकानदार हट्ट धरून बसलेत, माझा नाइलाज आहे. मी म्हटलं, माझा कुत्रा आहे, साहेब. ते म्हणाले, म्हणून तर तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे. त्या दिवशी मी प्लास्टरच्या पोत्यांमागं गेले. भांडायला नाही, रडायला. घरी येऊन ह्यांना सांगितलं की नोकरी सोडते. हे म्हणाले, सोड. तेवढ्यावरून यांच्याशी अबोला धरला.

मुमताजनं फोटो बघितले आणि बाजूला ठेवले. म्हणाली, फोटोत कुत्रा मोबाइलकडं बघतो, मला त्याला घरी बघायचंय. मी म्हटलं, चावतो. धडधडीत सांगितलं. पोस्टमन येत नाही आमच्याकडं, म्हटलं. ती बरं म्हणाली आणि पुढच्या रविवारी स्कुटी घेऊन वडिवळ्याला हजर.

मुकादम उठला. भुंकला नाही. तिच्याभोवती एक फेरी मारली आणि ती पडवीच्या पायरीवर बसली तशी तिच्यासमोर बसला. तिनं पिशवीतून बटर काढला, कामशेतच्या बेकरीतला, आणि तळहातावर धरला. मुकादमानं तो खाल्ला. तिच्या हातून खाल्ला! मी चुलीशी होते, तिथून बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी याला भाकरी घालते, आजारपणात रात्र रात्र याच्यावर पोतं पांघरलं, आणि हा बाजारातल्या एका बटरासाठी पहिल्याच भेटीत पाघळला.

मी चहा टाकला, त्यात साखर घालायची विसरले. अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावरचे कावळे हाकलायला गेले; कावळे नव्हतेच. परत चुलीशी आले. परत कुरडयांकडं गेले. मुमताज म्हणाली, ताई, तुमी तुमचं काम करा, माझ्याकडं बघू नका. मी म्हटलं, मी कुठं बघतेय. दुपारभर ती तिथं बसली आणि दुपारभर तो तिच्यासमोर बसला. ती निघाली तेव्हा तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. मला कधी सोडायला आला नव्हता.

मास्टर तयार झाला त्या दिवशी सगळं खातं साहेबांच्या टेबलाभोवती जमलं. कान बरोबर, तोंडाचा काळा रंग बरोबर, बसणं अगदी बांधावरचं. आणि डोळे आडवे. बुबुळं पार एका कोपऱ्यात. समोरून बघाल तर तो तुमच्याकडं बघतच नाही, बाजूला कुठंतरी बघतो.

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, हे काय? गिऱ्हाईक खोकं उघडणार आणि हा तिसरीकडंच बघणार? दुसऱ्या कुणी हाक मारल्यासारखा. मुमताज म्हणाली, तो असाच आहे. साहेबांनी वाद घातला नाही. लटकन उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "कुसुमताई, डोळे पुसा आणि तुम्ही काढा. मास्टर तुमचा."

मला आतून उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? मी ते लटकन घेऊन माझ्या जागेवर गेले, ब्रश धुतला, चिंधी ओली केली. पण नुसतं पुसून समाधान होणार नव्हतं, तिला टोचायचंही होतं. म्हणून तिच्यापाशी गेले आणि विचारलं, दुपारभर समोर बसवून बटर चारलेस ना गं, मग एवढी कशी चुकलीस?

ती ब्रश ठेवून माझ्याकडं वळली.

"चुकली न्हाई, ताई. बटर तो माझ्या हातानं खात व्हता, पन बघत व्हता तुमच्याकडं. तुमी चुलीकडं गेला की तिकडं, कुरडयांकडं गेला की तिकडं. माझ्याकडं त्यानं एकदाबी बघितलं न्हाई. मला दिसलं ते मी काढलं."

मी म्हटलं, खोटं.

"मला काय मिळतंय खोटं बोलून? समोर बघनारे डोळे सोपे असत्यात," ती म्हणाली. "मास्टरबी गेला माझा."

मी जागेवर येऊन बसले. चिंधी हातातच. ठरवलं की पुसायचं आणि समोर बघणारा मुकादम काढायचा. श्वास धरला आणि आठवायला लागले, मुकादम समोर बघतो तेव्हा कसा दिसतो. आठवेना. भाकरी टाकताना मी ताटलीकडं बघायचे. लावणीत मी चिखलाकडं बघायचे. घरी आले की चुलीकडं. त्याच्या डोळ्यांत मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तो माझ्याकडं बघतो हेच मला माहीत नव्हतं, तर कसा बघतो हे कुठून माहीत असणार? जन्मभर डोळे काढले मी.

चिंधी ठेवून दिली. साहेबांकडं जाऊन म्हटलं, असाच जाऊ द्या. ते म्हणाले, ताई, विचार करा, नाव तुमचं होणार होतं. मी म्हटलं, माझा कुत्रा आहे, तो असाच बघतो. साहेब बराच वेळ कुरकुरले, पण दिवस कमी होते, साचे थांबले होते. गेला तसाच.

त्या हंगामात मुमताजच्या मास्टरमध्ये बघून मी तिची रेघ गिरवली. शेकड्यांनी मुकादम काढले आणि रांगेनं वाळत ठेवले. माझी बसायची जागा रांगेच्या डाव्या हाताला होती. सगळेच्या सगळे माझ्याकडं बघायचे. बायका चेष्टा करायच्या, म्हणायच्या, ताई, तुमचं सासर आलंय बघायला. मी मान खाली घालून काम करायचे.

दिवाळीत तो फारसा गाजला नाही, हेही सांगायला हवं. शेठनं तक्रार केली, गॉगलवाल्या बायांनी परत आणून दिले. कार्ल्याच्या गुलाबभाऊंनी तेवढा बांबू बदलला आणि असा टांगला, की तो टपरीच्या मागं भांडी घासणाऱ्या त्यांच्या बायकोकडं बघेल. म्हणाले, हिच्यावर कुनी नजर ठेवत नव्हतं.

मला मात्र त्यानंतर एक वेडच लागलं. मुकादम माझ्याकडं बघतो ते मला बघायचं होतं. भाकरी थापता थापता एकदम मान वळवायची. भांडं उचलायला वाकायचं आणि काखेतून मागं बघायचं. एकदा ह्यांचा दाढीचा आरसा चुलीवर अडकवून ठेवला. काही उपयोग नाही. मी वळले, की हा शेताकडं तोंड करून बसलेला, जसा काही जन्मात माझ्याशी संबंध नाही. पाठ केली, की पाठीवर काहीतरी जाणवायचं. पुन्हा वळले, की शेत. हे म्हणायचे, मान लचकेल तुझी. बटर आणून तळहातावर धरला, तर मी तो जमिनीवर ठेवून बाजूला होईपर्यंत थांबला. मागच्या थंडीत तो गेला. अंगणातच, दुपारी, मी धान्य निवडत होते आणि तो मागं पडून होता. कुणीकडं बघत होता ते मला कळलं नाही.

मुमताज भेटायला आली होती. आता मास्टर तीच काढते, आणि चांगला काढते, हे लिहिताना माझा हात जड होतो. बटर आणले होते, ते तसेच पिशवीत राहिले. मी तिला म्हटलं, सांग परत, त्या दिवशी कसा बघत होता. तिनं सांगितलं. मग आठवड्यानं मी फोन करून पुन्हा विचारलं. अजूनही अधूनमधून विचारते. ती कंटाळत नाही. कुरडयांपाशी मी वाकले तेव्हा त्यानं मान कशी लांब केली, मी चुलीमागं दिसेनाशी झाले तेव्हा अर्धा उठून कसा उभा राहिला, मी परत आले तेव्हा कसा टेकला, हे सगळं तिला दिसलंय, सगळं तिच्यापाशी आहे. मी फोन कानाला धरून ऐकते आणि आतून जळते. तो माझा कुत्रा होता, आणि तो माझ्याकडं कसा बघायचा, ते मला तिला विचारावं लागतं.